नैरोबीत रोजचा प्रवास: मटाटू, लोकल ट्रेन, बोडाबोडा की ॲप टॅक्सी?

नैरोबीत नव्याने राहायला आलात, तर भाड्याचा हिशेब मांडण्याआधी दोन गोष्टी बघा: वाटेत गाडी बदलावी लागते का, आणि पोचेपर्यंत अंधार पडतो का. विषुववृत्त जवळ असल्यामुळे इथे बाराही महिने साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात काळोख होतो. ऑफिसं सुटण्याची वेळही हीच. गर्दी, अंधार आणि चढं भाडं एकदमच वाट्याला येतं, त्यामुळे सकाळी बिनधास्त वापरलेला मार्ग संध्याकाळी तितका सुरक्षित राहत नाही.

शहराचा बहुतेक भार मटाटूवर, म्हणजे ठरावीक मार्गावरच्या खासगी प्रवासी गाड्यांवर आहे. यात १४ आसनी व्हॅन येते, ३३ आसनी मिनीबस येते आणि मोठ्या बसही. सीटबेल्ट, ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आणि बाजूचा पिवळा पट्टा हे नियम वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी २००४ मध्ये लागू केले. पट्टा आजही दिसतो, बेल्टचं पालन मात्र गाडीगणिक बदलतं. म्हणून चढताना गाडीवर मार्ग आणि सहकारी संस्थेचं नाव लिहिलंय का ते बघा आणि बेल्ट चालू असलेली सीट धरा. निवड करता येत असेल तर व्हॅन सोडून मोठी बस घ्या. ती सावकाश जाते, पण व्हॅनइतकी फटीफटीतून घुसत नाही.

भाडं चढण्यापूर्वीच विचारा. शहरातल्या नेहमीच्या अंतराला ते ढोबळमानाने ५० ते १०० शिलिंग असतं, पण गर्दीच्या वेळी वाढतं आणि पाऊस आला की कधीकधी दुप्पट होतं. मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने. १००० ची नोट दिलीत तर सुटे परत मिळवण्यात उतरण्याची जागा निघून जाते, तेव्हा ५० आणि १०० च्या नोटा किंवा एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा) तयार ठेवा. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. काही वेळा गाडी भरलेली दिसावी म्हणून आत भाड्याने माणसं बसवलेली असतात, ती सुटायच्या वेळी उतरून जातात. घाई असेल तर हे वीसेक मिनिटांचं थांबणं हिशेबात धरा. उतरायचं असेल तेव्हा ‘शुकिशा’ (स्वाहिलीत ‘उतरवा’) म्हणा आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच पाय खाली टाका. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे दार फुटपाथच्या बाजूला उघडतं. पण गाडी आणि फुटपाथ यांच्यामधून मोटरसायकली धावतात, म्हणून आधी मागे बघा.

चोरीचा सगळ्यात ठरावीक प्रकार खिडकीतून होतो. गाडी कोंडीत उभी असते, काच उघडी असते, हातात फोन असतो आणि बाहेरून कुणीतरी तो ओढून नेतो. मधल्या रांगेत, खिडकीपासून दूर बसा.

मटाटूची खरी अडचण गाडीत नसून गाडी बदलण्यात आहे. बहुतेक मार्ग शहराच्या मध्यभागी येऊन संपतात, आणि प्रत्येक दिशेचं स्टेज, म्हणजे गाड्यांचा थांबा, वेगळं असतं. वेस्टलँड्सवरून कांगेमीला जाणारी २३ नंबरची गाडी ओडिऑन स्टेजला लागते, तर १११ (न्गॉन्ग) आणि १२५-१२६ (रोंगाई) रेल्वेज स्टेजवरून सुटतात. म्हणजे वेस्टलँड्सहून रोंगाईला जाताना मध्ये पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. दिवसा मोई ॲव्हेन्यूने सरळ हैले सेलासी ॲव्हेन्यूपर्यंत जा. रिव्हर रोडच्या गल्ल्यांमधून आडवाट काढू नका. अंधार पडल्यावर हे चालणं टाळाच. तेवढ्या टप्प्यासाठी टॅक्सी केलेली बरी.

बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल. पुण्याच्या बजाजची बॉक्सर इथे सर्रास दिसते, आणि ओळखीची गाडी दिसली की मराठी माणूस जरा निर्धास्त होतो. तसं होऊ नका. मटाटू स्टेजकडे वळण्यासाठी अचानक डावीकडे कापते आणि त्याच डाव्या बाजूने बोडा ओव्हरटेक करत असते. अपघात बरेचदा इथेच होतो. वस्तीतल्या शांत रस्त्यावर एक-दोन किलोमीटरला ती ठीक आहे, तीही हेल्मेट मिळालं आणि मागे तुम्ही एकटेच असलात तर. थिका रोड, मोंबासा रोड, आऊटर रिंग रोड यांवर मात्र कितीही उशीर झाला तरी बसू नका.

लोकल ट्रेन कोंडीत अडकत नाही आणि स्वस्त आहे. पण फेऱ्या मुख्यतः सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी बाहेर जाणाऱ्या. दुपारच्या कामाला ती उपयोगाची नाही. घर आणि ऑफिस दोन्ही स्टेशनजवळ असतील तर हीच घ्या.

अंधारानंतर ॲप टॅक्सी. इमारतीच्या आतच थांबा, नंबर प्लेट आणि चालकाचा फोटो जुळवा, मगच बाहेर या. चालक फोन करून ‘ट्रिप रद्द करा, रोख द्या’ म्हणाला तर दुसरी गाडी बोलवा, कारण ॲपबाहेरच्या प्रवासाची नोंद राहत नाही. २०२२ पासून सुरू असलेल्या एक्सप्रेसवेचा टोल कोण भरणार, हे निघण्याआधीच ठरवा.

म्हणून पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्सला राहून मध्यवर्ती भागात नोकरी करणाऱ्याने सकाळी मटाटू, पाचच्या आत निघता आलं तर परतही मटाटू, आणि एरवी टॅक्सी असा खर्च महिन्याच्या हिशेबात धरावा. रोंगाईला राहणार असाल तर ऑफिस रेल्वेज स्टेजच्या बाजूला शोधा. भाड्यात फारसा फरक पडत नाही, पण रोजचं मधलं चालणं वाचतं. मोंबासाहून मदाराका एक्सप्रेस या रेल्वेने रात्री येणार असाल, तर शहराबाहेरच्या स्योकिमाऊ टर्मिनसवरून थेट घरापर्यंत टॅक्सी करा. टर्मिनसवरून सुटणाऱ्या जोडगाडीने (लोकल ट्रेनने) मध्यवर्ती स्टेशनला गेलात, तर सामान घेऊन काळोखात पुन्हा गाडी शोधावी लागेल.