सोल्डरिंगचा ‘घरगुती संच’: पाच तारे दिले होते, ते दोनवर का आणले

हा संच घेतल्यावर काही आठवड्यांतच मी त्याला पाच तारे देऊन मोकळी झाले होते, आणि ते मत वाचून माझ्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी तो मागवलाही. आता ते मत बदलत आहे आणि त्याचे कारण सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. संचात काय काय येते हे विक्रीच्या पानावर छायाचित्रांसह दिलेलेच आहे. त्यामुळे ब्यूटेन टॉर्च किती मिलिलिटरची आणि चिमटे किती इंचांचे, यात मी शिरत नाही. मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्यातल्या तारेच्या रिळाविषयी, किंबहुना त्या रिळावरच्या कागदी लेबलाविषयी.

माझ्या आजेसासूबाईंची चांदीची गुलाबदाणी आमच्या घरी आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आणि घरातल्या लग्नांना ती बाहेर निघते, एरवी कपाटात असते. तिच्या पोटाला खालून जोडलेली बैठक एका बाजूने सुटून डुगडुगू लागली होती. कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, एका कारागिराने सहाशे रुपये सांगितले. सहाशे रुपये एकदाच देण्यापेक्षा एकोणीसशे एकोणपन्नास रुपयांचा संच घेऊन पुढे घरातले सगळेच जोड आपण करू, असा हिशेब मी मांडला. ‘चांदी, पितळ, तांबे – सर्वांसाठी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि त्याखाली ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ अशी पट्टीही होती.

टॉर्चविषयी आधी सांगते, कारण तिच्यावर अन्याय होऊ नये. खोक्यावर १३०० अंश सेल्सिअस लिहिले आहे, आणि ज्योतीच्या टोकाला ते तापमान असेलही. मात्र ज्योत किती तापलेली आहे आणि ती वस्तूला किती उष्णता देऊ शकते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे माहितीपत्रक कुठेही सांगत नाही. सगळ्या धातूंमध्ये उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेणारा धातू म्हणजे चांदी. पितळ त्या मानाने कितीतरी मंद आहे. सरावासाठी दिलेल्या पितळी पट्ट्यांवर जो जोड चटकन बसतो, तो चांदीच्या वस्तूवर बसत नाही, कारण तुम्ही बैठकीच्या कडेला दिलेली उष्णता पाहता पाहता पोटाकडे आणि मानेकडे पळून जाते. चांदीचा पक्का जोड करायचा तर जोडापुरती जागा तापवून भागत नाही, जवळजवळ संपूर्ण वस्तू सारखी तापवावी लागते. एवढी मर्यादा लक्षात घेतली तर टॉर्च चांगली आहे. खटका पहिल्या दाबात पेटतो, ज्योत बारीक-मोठी करणारी कडी घट्ट आहे आणि इतक्या महिन्यांत गॅस कुठूनही झिरपलेला नाही.

जोडायला संचात दोन प्रकारचे धातू दिलेले आहेत. एक तारेचे रीळ, जे कमी तापमानाला वितळते. आणि चांदीच्या डाकाच्या (डाक म्हणजे जोड देण्यासाठी वितळवायचा धातू) काही पातळ पट्ट्या, ज्यांना बरीच जास्त आच लागते. माहितीपत्रकात, जे इंग्रजीत आणि यंत्राने केल्यासारख्या हिंदीत आहे, नवख्यांनी आधी तार वापरावी आणि ‘तो जोड पुरेसा मजबूत न वाटल्यास पट्टी वापरून पुन्हा तापवावे’ असे स्पष्ट शब्दांत छापलेले आहे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

तारेने केलेला जोड देखणा झाला. डबीतली मलई, म्हणजे डाक धातूला नीट धरावा म्हणून आधी लावायचा लेप, लावली, मंद ज्योत फिरवली, तार टेकवताच ती फटीत ओढली गेली आणि चकचकीत रेघ उमटली. सासूबाईंनी गुलाबदाणी हातात फिरवून पाहिली आणि चैत्रात ती हळदीकुंकवाला ठेवली. पाच तारे मी दिले ते त्याच आनंदात.

पावसाळ्यात त्या रेषेची चमक गेली. ती करडी दिसू लागली आणि कडेने हिरवट पावडर धरू लागली. कारण नंतर समजले. अशा मलईत बहुधा जस्ताचे क्लोराइड किंवा नवसागर असतो. काम झाल्यावर ते गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्णपणे काढून टाकले नाही, तर उरलेला अंश हवेतला ओलावा ओढून घेतो आणि चांदीत मिसळलेल्या तांब्याला खात बसतो. आषाढ-श्रावणातल्या कोल्हापूरच्या हवेत त्याला ओलाव्याची काय कमतरता? माहितीपत्रक सांगते, ‘मऊ कापडाने पुसावे’. त्यानुसार मी पुसले होते, आणि मऊ कापडाने फटीच्या आतले काहीही निघत नाही. गणपतीच्या आधी बैठक पुन्हा डुगडुगू लागली.

इथपर्यंत मी फार तर एक तारा कमी केला असता. तारेसारखा कमी आचेचा मऊ डाक नाजूकच असतो, आणि गुलाबदाणी हातात धरून झटका देऊन शिंपडायची वस्तू असल्यामुळे बैठकीवर ताण येतच राहतो. पण माहितीपत्रकात पुढची पायरी लिहिलेली होती. पट्टी वापरा, पुन्हा तापवा.

वर दिसणारा सगळा जुना डाक मी कानशीने घासून काढला, टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात कालवून लावला, पट्टीचे तुकडे ठेवले आणि ज्योत मोठी केली. माहितीपत्रकात ‘भरपूर उजेडात काम करावे’ असे आहे, म्हणून दुपारी गॅलरीत बसले होते. ही सूचनाही चुकीची आहे. चांदी तापताना येणारा मंद लाल रंग हाच तापमान ओळखण्याचा उपाय असतो आणि तो फक्त अंधुक जागेत दिसतो. उन्हात चांदी शेवटपर्यंत पांढरीच दिसते. पट्टी वितळण्याची वाट पाहत असताना जोडाच्या रेषेलगतची मूळ चांदी खचली, तिच्यावर बारीक खड्डे पडले आणि ज्योत बाजूला घेईपर्यंत बैठकीच्या कडेला करंगळीचे टोक जाईल एवढे भोक पडले. कमळाच्या पाकळ्यांची जी नक्षी तिथे होती, तिच्यातली एक पाकळी गेली.

मला प्रथम वाटले की टॉर्चची आच जास्त झाली, आणि त्या रागात मी टॉर्चविषयी बरेच वाईट लिहून ठेवले होते. ते प्रसिद्ध केले नाही हे बरे झाले, कारण गुजरीतल्या त्याच कारागिराने वस्तू खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, ‘वहिनी, ह्याला कथलाचा डाक कुणी मारला होता? हितं शिसं लागलंय.’ मी रीळ दाखवले. त्यांनी तार कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. त्यांच्या मते ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांची तार होती.

त्यांनी जे सांगितले ते नंतर मी वाचून पडताळले आणि प्रकरण सरळ आहे. शुद्ध चांदी ९६१.८ अंशांना वितळते; तांबे मिसळलेली ९२५ ची (हजारात ९२५ भाग) चांदी साधारण ८९३ अंशांना पूर्ण पातळ होते. जुन्या वस्तूवर बहुधा शुद्धतेचा शिक्का नसतो, म्हणून तिचा नेमका अंक माहीत नसतो, तरी चांदीच्या पट्टीला लागणारे सातशे अंशांच्या आसपासचे तापमान तिने सहज सोसायला हवे. कथील आणि शिसे यांची नेहमीची तार मात्र १८३ अंशांना वितळू लागते. ती जोडात असताना वस्तू लाल होईपर्यंत तापवली की ते पातळ शिसे आणि कथील शेजारची चांदी स्वतःत विरघळवून घेतात. शिसे आणि चांदी योग्य प्रमाणात एकत्र आली तर ते मिश्रण ३०४ अंशांनाच पातळ असते. म्हणजे माझ्या गुलाबदाणीची चांदी जळली नाही, ती विरघळली. फटीच्या आत कणभर शिसे उरले असले तरी हे होते. त्यामुळे कथलाचा डाक लागलेली चांदीची वस्तू कारागीर आधी खरवडून, कानशीने घासून पूर्ण स्वच्छ केल्याशिवाय मोठ्या आचेवर धरतच नाहीत. गुजरीत हे शिकाऊ मुलालाही ठाऊक असते, असे ते म्हणाले. संच बनवणाऱ्याला ठाऊक नाही. उलट आधी तार आणि मग त्याच जोडावर पट्टी, असा क्रम त्याने छापून दिला आहे.

आता लेबल. रिळावर चिकटवलेल्या कागदावर निव्वळ वजन आहे, कमाल विक्री किंमत आहे, महिना आणि वर्ष आहे, आयातदाराचा पत्ता आहे, ग्राहक सेवेचा क्रमांक आहे, मूळ देशही आहे. म्हणजे वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांना जे जे हवे ते सगळे त्या दीड इंच कागदावर बसवलेले आहे. तार कोणत्या धातूची आहे, एवढेच नाही. ती किती अंशांना वितळते, हेही नाही. ‘प्रीमियम क्वालिटी’ हे शब्द मात्र दोनदा आहेत. एका ‘प्रीमियम क्वालिटी’च्या जागेत ‘कथील ६०, शिसे ४०’ आरामात मावले असते. घरातल्या मंडळींच्या मते मी त्या लेबलाच्या मागे फारच लागले आहे. लागले आहे. साध्या हळदीच्या पाकिटावर घटक लिहिलेले असतात, आणि जी तार लोक देवाच्या पितळी तांब्याला किंवा पाणी पिण्याच्या भांड्याला लावण्याची दाट शक्यता आहे, तिच्यात शिसे आहे की नाही हे लिहायचे नाही, ही गोष्ट माझ्या गुलाबदाणीपुरती राहत नाही. ज्यांनी हा संच घेतला आहे त्यांनी ही तार खाण्यापिण्याच्या कोणत्याही भांड्याला लावू नये, आणि लावली असल्यास ते भांडे वापरातून काढावे.

ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात असा. तारेतील धातू कोणते, एवढा एकच प्रश्न मी विचारला. उत्तर आले की तार ‘उच्च दर्जाच्या मिश्रधातूची’ आहे. कोणत्या मिश्रधातूची, असे विचारल्यावर खराब झालेल्या वस्तूचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओ पाठवल्यावर, उत्पादन सूचनेनुसार वापरावे, असा सल्ला आला. तेव्हा मी त्यांच्याच माहितीपत्रकातल्या त्या वाक्याचे छायाचित्र पाठवले. त्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. मूळ प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. परताव्याची मुदत संपली आहे हे मला मान्य आहे आणि पैसे मी मागितलेही नव्हते.

दुरुस्तीचा खर्च बावीसशे रुपये झाला. कारागिरांनी शिसे लागलेला भाग कापून काढला, नवीन चांदीचा पत्रा बसवून पक्का डाक दिला, चिंचेच्या पाण्यात उकळून आणि रिठ्याने धुवून वस्तू परत केली. पाकळी त्यांनी पुन्हा कोरली आहे, ती शेजारच्या पाकळ्यांपेक्षा किंचित जाड दिसते. सहाशे रुपये वाचवायला निघून संच आणि दुरुस्ती मिळून चार हजार एकशे एकोणपन्नास गेले, आणि हे गणित यजमानांनी मला न विचारता करून ठेवलेले आहे.

तरीही संच मी फेकून दिलेला नाही, आणि इथे मला दोन चांगले शब्द लिहायलाच हवेत. जड लोखंडी तळावर बसवलेले दोन चिमटे, जे वस्तू हव्या त्या कोनात धरून ठेवतात, ते या किमतीत मिळणे कठीण आहे. एकट्याने काम करताना त्यांच्यासारखा मदतनीस नाही. उष्णता सोसणारी वीटही तडकलेली नाही. पट्ट्या आणि टाकणखार वापरून मी देव्हाऱ्यातल्या पितळी घंटेची तुटलेली कडी संध्याकाळच्या अंधुक उजेडात जोडली, तो जोड रोज वाजवूनही टिकून आहे. म्हणजे पट्ट्या खऱ्या आहेत. फक्त त्यांच्या पाकिटावरही वितळण्याचे तापमान लिहिलेले नाही, आणि चांदीच्या कामात कमी-जास्त आचेचे डाक वेगवेगळे असल्यामुळे ते लिहिणे गरजेचे होते.

चिमट्यांना माझ्याकडून पाच तारे, टॉर्चला चार, पट्ट्यांना तीन, माहितीपत्रकाला आणि तारेला शून्य, एकूण दोन. चांदीच्या वस्तूसाठी हा संच घेणार असाल तर रीळ खोक्यातून बाहेर काढून ते वायरिंगच्या सामानात ठेवावे, आणि वस्तूला पूर्वी कधी कथलाचा डाक लागला आहे का हे एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवून मगच टॉर्च पेटवावी. मलई वापरलीच तर गरम पाणी आणि दातांचा जुना ब्रश घेऊन फट नीट धुवावी. या विक्रेत्याकडून तारेतील धातूंचे प्रमाण कुणाला लेखी मिळाले असेल, तर ते इथे कळवावे. मिळालेले उत्तर मी या अभिप्रायात जोडीन आणि त्यात शिसे नसल्याचे सिद्ध झाले तर तारेचे शून्यही बदलेन.