कच्छचा 'बॉर्डर पास' आणि आमचे साडेआठ हजार

आपल्याकडची पोरं आता पाठीवर सॅक टाकून कच्छला निघतात, आणि त्यांना 'बॉर्डर पास' विकणारेही आपल्याच गावात बसलेत. मला आणि माझ्या भाच्याला तो पास पाच हजारांना पडला, वर तंबूचे साडेतीन हजार गेले. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण पद्धत सांगतो.

बेत साधा होता. मांडवीहून किनारा धरून पश्चिमेला जायचं, नारायण सरोवर, कोटेश्वर, शेवटी लखपत. कच्छ हा देशातला सगळ्यात मोठा जिल्हा, ४५,६७४ चौरस किलोमीटर. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून साडेचौसष्ट हजारांच्या आसपास भरतात. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडं पावणेदोन कोटींच्या वर माणसं होती. तिकडं एकवीस लाखही नव्हती. पश्चिमेला सरकलं की गावं विरळ होत जातात. रात्री राहायचं कुठं, हद्दीवर अडवलं तर काय, ही धास्ती मनात असतेच. त्या धास्तीवरच हा धंदा चालतो.

नांदेडच्या त्या गाळ्यातला माणूस बोलायला मोठा गोड. "काका, तिथून पाकिस्तान हाकेवर हाय. पास नसला तर आत टाकतेत. आपला माणूस बसलाय तिथं, टेन्शन घेऊ नका." भाचा म्हणाला, "मामा, कामून घोळ घालता, देऊन टाका."

पास मात्र बघण्यासारखा होता. जाड पिवळसर कागद, वर राजमुद्रा, खाली जांभळा गोल शिक्का, आधारवरचे आमचे फोटो. राजमुद्रेखाली 'सत्यमेव जयते' नव्हतंच, आणि 'सुरक्षा' लिहिलं होतं 'सूरक्षा'. क्यूआर कोड स्कॅन केला की उघडायचं त्याच गाळ्याचं व्हॉट्सॲप. पैसे गेले ते दुकानाच्या खात्यात नाही, कुणा बाईच्या यूपीआयवर. पावती मागितली तर म्हणे, पास हीच पावती.

कोटेश्वरला जवानानं आधार कार्ड बघून परत दिलं. आम्ही पास पुढं केला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, आतल्या साहेबांना नेऊन दाखवला आणि येऊन विचारलं, "ये क्या है?" कोटेश्वर, नारायण सरोवर, लखपत, कुठंच आपल्या देशाच्या माणसाला असला पास लागत नाही. ओळखपत्र जवळ असलं की झालं. परवाना लागतो तो धोरडोच्या पांढऱ्या रणाला. तो सरकारी साइटवर किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर किरकोळ पैशात मिळतो. या खऱ्या परवान्याच्या आडोशानं खोटा खपवला जातो.

तंबूची गंमत तर त्याहून मोठी. 'समुद्राकाठी वाळूत तंबू', असं बुकिंग. कोटेश्वरला वाळू आहेच कुठं? मंदिर आहे, जेट्टी आहे, पुढं कोरी खाडीचा चिखल आणि खारफुटी. त्या माणसानं ते ठिकाण फोटोतसुद्धा बघितलं नसावं. रात्र नारायण सरोवरच्या धर्मशाळेत काढली.

लखपतच्या गुरुद्वारात नांदेडचं नाव काढलं आणि सेवादारांनी "हुजूर साहिब!" म्हणत हात जोडले. लंगर झाला, झोपायला सतरंज्या मिळाल्या, पैशाचं कुणी नावही काढलं नाही. १८१९ च्या भूकंपानंतर सिंधूचं पाणी तुटलं आणि हे भरभराटीचं बंदर ओस पडलं. कोटाची सातेक किलोमीटरची भिंत तेवढी उभी आहे. तिच्यावरून चालायचा आनंद कुणी बुडवू शकला नाही, हे खरं.

परत आल्यावर गाळ्यात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "पास होता म्हणून तर तुम्हाला सोडलं, काका." या उत्तरापुढं काय बोलणार!

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० या नंबरला फोन लावा, जितका लवकर तितका बरा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पासचे दोन्ही बाजूंचे फोटो, चॅट, काहीच डिलीट करू नका. बँकेला लेखी कळवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आम्ही अर्ज स्वतःच लिहिला. अर्ज गेल्याचं कळताच त्याचा फोन आला, तंबूचे पैसे देतो, तेवढी तक्रार मागं घ्या म्हणून. भाच्यानं ते बोलणं रेकॉर्ड केलं होतं. तेही अर्जाला जोडलंय.