हळदीच्या रानासाठी कारखान्याचं प्रेसमड कंपोस्ट: घ्या, पण कुजलेलं बघून

वाळवा-मिरज पट्ट्यात हळदीला एकरी दहा-बारा टन चांगलं शेणखत आता मिळत नाही. मिळालं तरी लव्हाळ्याच्या गाठी अन् काँग्रेस गवताचं बी सोबत येतं. त्या जागी साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) कुजवून केलेलं कंपोस्ट हा सरस पर्याय आहे. तणाचं बी जवळपास नसतं, स्फुरद आणि कॅल्शियम भरपूर, आणि भारी काळी जमीन भुसभुशीत होते, त्यामुळे हळकुंड पोसायला जागा मिळते.

तक्रार एकच, पण मोठी: बऱ्याचदा माल कच्चाच भरून देतात. ताज्या प्रेसमडमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे दहा टनांत कोरडा माल जेमतेम तीन टन, बाकी पाण्याचं वजन आणि त्याचंच भाडं. त्यातली उरलेली साखर आणि मेण रानात कुजायला लागलं की वाफा तापतो, नत्र जिवाणूच खातात, बेण्याचे कोंब करपतात.

ट्रॉली रिकामी करण्याआधी ढिगात पहार खुपसून दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर माल परत पाठवा. मूठ आवळल्यावर पाणी गळलं, किंवा आंबूस वास आला, तरीही तेच. कुजलेला माल काळपट, मोकळा आणि मातीच्या वासाचा असतो.

डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरलेलं सांडपाणी) मारून केलेलं कंपोस्ट असेल तर क्षारता तपासल्याशिवाय घेऊच नका. पालाश जास्त मिळतो हे खरं, पण कृष्णाकाठच्या खारवट रानात आणखी मीठ कशाला? ईसी, म्हणजे क्षारतेचं माप, ४ च्या वर असेल तर सरळ नकार द्या.

कच्चा माल गळ्यात पडलाच तर सावलीत तीन-साडेतीन फूट उंच ढीग लावा, टनाला एक किलो ट्रायकोडर्मा (कुजवणारी उपयुक्त बुरशी) मिसळा, ओलावा टिकवा आणि दर पंधरा दिवसांनी पालटा. दीड-दोन महिने लागतात. लागण अक्षय्य तृतीयेच्या आसपास धरायची तर माल फेब्रुवारीतच आणून ठेवावा लागतो.

एकरी पाच टन पुरे. गादीवाफे पाडण्याआधी वरच्या सहा इंचांत मिसळा, बेण्याला चिकटवून टाकू नका. चुनखडीच्या रानात पानं पिवळी पडण्याचा त्रास याने थांबत नाही. त्यासाठी एकरी दहा किलो हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात आठवडाभर मुरवून वेगळं द्यावं लागतं.