बिघडलेल्या हार्ड डिस्कचा डेटा लॅबकडून काढून घेतला, सहा महिन्यांनी त्या लॅबला दिलेला शेरा बदलतोय

डेटा परत मिळाला, हे आधी सांगतो. पुढचं वाचून कुणी घाबरून डिस्क कपाटात टाकून देऊ नये.

डिस्क २ टीबीची, एक्स्टर्नल. माझा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे, दोन सीझनच्या लग्नाच्या ऑर्डरी तिच्यात होत्या. कॉपी करताना अडकायला लागली, क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा, वाढत गेले आणि एक दिवस टक-टक आवाज सुरू झाला. गावातल्या एका दुकानात म्हणाले, "चेकडिस्क मारून बघू." तिथूनच परत आणली. चेकडिस्क हे विंडोजमधलं टूल, फाइल सिस्टीम (फाइलींची मांडणी) नीट करायला डिस्कवरच लिहितं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे असलेलंही घालवणं. दुसरीकडे एसी केबिनमध्ये झाकण काढून बघतो म्हणाले. आतलं डेटा वाचणारं हेड प्लॅटरपासून, म्हणजे फिरत्या चकतीपासून, काही नॅनोमीटरवर फिरतं, धुळीचा एक कण तिथं पुरतो. हे काम क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ गाळलेल्या खोलीतच होतं.

मग पुण्याच्या लॅब फोनवर शोधल्या. डिस्क न बघताच रक्कम सांगणारे तिथंच सोडले. निवडलेल्या लॅबनं लेखी एस्टिमेट दिलं: तपासणी मोफत, काम १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, डेटा नाही निघाला तर पैसे नाहीत, हेड बदलावं लागलं तर डोनर डिस्कचे (जिचं हेड काढून लावतात तिचे) पैसे वेगळे. कुरिअरवर भरवसा नव्हता. डिस्क अँटी-स्टॅटिक पिशवीत, बबल रॅपमध्ये गुंडाळून एसटीनं मांडीवर धरून नेली.

काम त्यांचं पक्कं, यात शंका नाही. पीसी-३००० या डेटा काढायच्या यंत्रणेवर आधी क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल. त्यातही चांगला भाग पहिल्यांदा काढून घेतला, खराब जागांकडे शेवटी वळले. हेड बदलावं लागलं नाही. एनीडेस्कवर (लांबून स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल लिस्ट दाखवली, सगळे फोल्डर जागच्या जागी. २१,२४० रुपये भरले आणि त्याच रात्री पाच तारे दिले.

ते आज काढून घेतोय.

पावसाळ्यात काम कमी असतं, तेव्हा मिरजेच्या एका लग्नाचा अल्बम करायला घेतला. सप्तपदीचा फोटो उघडला. वर मंडपाची झालर, नवरीचा मुंडावळ्या बांधलेला चेहरा. हनुवटीखाली सपाट राखाडी पट्टा, थेट कडेपर्यंत. फाइलचा आकार मात्र बरोबर, ८ एमबी. न वाचलेल्या सेक्टरच्या जागी क्लोनमध्ये शून्यं भरली जातात. नाव आणि आकार वेगळ्या तक्त्यात असतात, ते शाबूत राहतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) तर याहून फसव्या: आत एक छोटा जेपीईजी प्रिव्ह्यू असतो, फोल्डरमध्ये तोच दिसतो. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर खाली नुसत्या रंगीत रेघा.

लॅबला फोन केला.

"साहेब, लिस्ट तुम्ही ओके केली होती."

"नावं ओके केली. आतलं कुठं दाखवलं तुम्ही?"

मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. कुठले सेक्टर वाचता आले नाहीत, याचा नकाशा क्लोन करतानाच तयार होतो. त्यावरून कुठल्या फाइलना धक्का लागला, याची यादी काढता येते. खूप मागे लागल्यावर ती एक्सेल आली. म्हणजे ही माहिती पैसे घेतानाच काढता येत होती. माणसाच्या लग्नाचे फोटो असतात हो, ते दुसऱ्यांदा काढता येत नाहीत. आणि लॅबकडचा क्लोन ठरावीक दिवसांनी पुसला जातो, म्हणजे उशिरा कळलं तर सगळं मुळापासून.

मूळ डिस्क माझ्याकडे होती म्हणून वाचलो. परत नेली, वेगळा चार्ज न घेता त्यांनी खराब जागा पुन्हा वाचल्या. सप्तपदीचा फोटो पूर्ण आला. बिदाईचे काही आलेच नाहीत. नवरीच्या वडिलांना स्टुडिओत बोलावून समोर बसून सांगितलं. काकांनी नातेवाइकांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून दिले, ते अल्बममध्ये घेतले.

आता तीन तारे. काम, वागणूक आणि दुसऱ्यांदा पैसे न मागणं यासाठी तीन. यादी दाबून ठेवली त्याचे दोन कापले. तुम्ही जाणार असाल तर एस्टिमेटवरच लिहून घ्या: "खराब फाइलची यादी पेमेंटआधी, क्लोन महिनाभर ठेवणार." आणि लिस्ट बघताना त्यांना मधल्याच चार-पाच रॉ फाइल पूर्ण आकारात उघडायला सांगा.