पुलाखालचं जेवण: वर्गणीवर की कंपनीच्या पैशावर?

आमच्याकडे कंपनीची २०० ब्लँकेटं आली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पुण्यात तेव्हा फुटपाथवरची माणसं फरशीवर पाणी शिंपडून झोपतात.

हे आधी सांगण्याचं कारण असं की परवा एका मैत्रिणीने विचारलं, "आम्ही सोसायटीतले लोक रविवारी पुलाखाली जेवण देतो. एक कंपनी सगळा खर्च उचलते म्हणतेय. घ्यायचं का?" मी दोन्ही प्रकारचे पैसे हाताळलेत, म्हणून लिहिते.

वर्गणीचा हिशेब छोटा असतो. आमची १८ घरं, प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये. त्यात चार रविवार ६० जणांची खिचडी आणि कधीतरी केळी. पण दर आठवड्याला तेच चेहरे जातात, त्यामुळे काय हवंय ते कळतं. एक मावशी भात घेतच नाहीत, भाकरी असेल तरच थांबतात. एका काकांनी जेवण बाजूला ठेवून प्लास्टिकची जाड पिशवी मागितली होती. पावसात आधारची झेरॉक्स दोनदा भिजली होती. कुठल्याही प्रस्तावात 'प्लास्टिकची पिशवी' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

वर्गणीचेही नखरे असतात, बरं का. मे महिन्यात निम्मी घरं गावाला जातात आणि पातेलं दोघींवर येतं. "दारू पिणाऱ्यांना कशाला देता?" हा प्रश्न कंपनीने कधी विचारला नाही, तिसऱ्या मजल्यावरून मात्र दर महिन्याला येतो. जुन्या कपड्यांच्या नावाखाली जरीच्या साड्या आणि लग्नातले कोट येतात, ते वेगळंच.

आता कंपनी. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांपैकी एक आकडा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. यालाच सीएसआर म्हणतात. २०१३च्या कंपनी कायद्यातलं हे कलम एप्रिल २०१४पासून लागू आहे. म्हणून हात जोडून, उपकाराखाली वाकून बोलायची गरज नाही. पण हा पैसा तुमच्यासारख्या बिननोंदणीच्या गटाला सरळ मिळत नाही. आयकर खात्याची १२ए आणि ८०जी, शिवाय कंपनी मंत्रालयाची सीएसआर-१ अशा नोंदण्या असलेली, तीन वर्षं असंच काम केलेली संस्था लागते. नसेल तर तशी एखादी शोधून तिच्यामार्फत काम करावं लागेल.

आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसे खर्च करायची मार्चची घाई मात्र टाळता येते. काम एका वर्षापुरतं न मांडता चालू प्रकल्प म्हणून मांडलं, तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून कंपनी पुढची तीन वर्षं ती वापरू शकते. हे आम्हाला ब्लँकेटं आल्यावर कळलं.

फोटोचं काय? आमच्याकडे एकसारखे टी-शर्ट घातलेली ४० माणसं आली, बॅनर बांधला आणि बॅनर सरळ होईपर्यंत वाढप थांबलं. रांगेतल्या एका आजोबांनी पंचा तोंडावर ओढला. त्या दिवसापासून वाढताना फोटो नाही, ही आमची पहिली अट. मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व कायद्याने सीएसआरमध्ये धरतच नाहीत, हे नम्रपणे सांगायचं. लगेच सूर बदलतो.

माझं मत विचाराल, तर रोजचं ताट कंपनीवर सोडू नका. साहेब बदलला, धोरण बदललं की रविवारी पातेलं रिकामं, आणि पुलाखाली उत्तर तुम्ही देणार. कंपनीकडे मागायचं ते एकदम मोठा पैसा लागणारं आणि टिकणारं: औषधोपचार, कागदपत्रं काढून देणारा पगारी माणूस, निवाऱ्यातली कुलपाची कपाटं. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे तसा बेघराला आसराही आहे. अन्न सोपं म्हणून आपण सगळे तिथेच थांबतो. मोठ्या शहरांत लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच सांगितलंय. तुमच्या भागातला कुठे आहे, तिथे बायकांची वेगळी सोय आहे का, हे आधी जाऊन बघा. कंपनीच्या माणसालाही सोबत न्या, बॅनरशिवाय.

ती ब्लँकेटं आम्ही मीटर-रूममध्ये रचून ठेवली आणि डिसेंबरात वाटली. त्यातली ११ ब्लँकेटं उंदरांनी कुरतडली होती. त्यांची पायपुसणी झाली.