टबवरचा इपॉक्सी कोट, नऊ महिन्यांनंतर: सगळं अडलं ते जाळीपाशी

घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, पाच फुटी जुना एफआरपीचा (फायबर ग्लासचा) टब, उन्हाळ्यात टँकरचं क्षारयुक्त पाणी. एक लिटरचं दोन भागांचं इपॉक्सी किट फेब्रुवारीत लावलं. जूनअखेरपर्यंत पाचपैकी पाच दिले असते. जुलैत पाणी जाण्याच्या जाळीभोवती नखाएवढा पापुद्रा उठला आणि पंधरा दिवसांत तो रुपयाएवढा झाला. बाकी टब आजही चकचकीत आहे.

किटसोबतच्या पत्रकात लिहिलंय, ‘जाळीवर मास्किंग टेप लावा’. हाच सल्ला घात करतो. टेप लावली की कोट वेस्ट कपलिंगच्या (जाळी असलेल्या, भोकात बसणाऱ्या तोटीच्या) धातूला टेकून संपतो आणि त्याची कड उघडी राहते. टबमधलं सगळं पाणी त्याच कडेवरून जातं, शेवटचे थेंबही तिथेच साचतात. शिवाय कपलिंगच्या ओठाखाली जुनं सिलिकॉन आणि साबणाचा थर असतो, तिथे वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) पोचतच नाही. पाणी कडेतून आत शिरतं आणि कोट खालून सोलत नेतं. खरं तर कोट कपलिंगच्या खालून जाऊन भोकाच्या आत पाच-सहा मिलिमीटर उतरायला हवा.

जुलैत दोष मालावर टाकला होता, तो मागे घ्यावा लागला. जाळीपासून वीतभर अंतरावर ब्लेडने बारीक चौकटी पाडल्या, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढली. एकही कपचा निघाला नाही. माल चांगला आहे, पत्रक वाईट आहे.

दुरुस्ती ऑक्टोबरअखेर केली, पाऊस पूर्ण थांबल्यावर. टबच्या बाजूच्या सर्व्हिस खिडकीतून खालचं नट धरायचं आणि वरून जाळीच्या दांड्यांत पक्कड अडकवून कपलिंग उलटं फिरवायचं. सुटलेला कोट घट्ट भाग लागेपर्यंत खरवडायचा. मग १२० नंबरच्या पेपरने आणि नंतर ३२० नंबरने दोन इंचांपर्यंत उतार द्यायचा, इतका की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. भोकाच्या कडेला फायबर उघडं पडलेलं असतं आणि ते पाणी पितं, म्हणून दोन दिवस कोरडं ठेवायचं. दोन पातळ हात, सात दिवस थांबणं, मग नवा रबर वॉशर टाकून कपलिंग परत. हाताने आवळून वर फक्त पाव फेरा. जास्त आवळलं तर नवा कोटच चिरतो.

बाकीच्या तयारीत सर्वांत जास्त वेळ सिलिकॉन काढायला द्या. टब आणि टाइल्सच्या सांध्यातलं सिलिकॉन रंगाआधी मुळासकट निघालं पाहिजे. बोटाच्या ठशाएवढं राहिलं तरी रंग तिथून पळतो आणि खड्डे पडतात. क्षार सायट्रिक ॲसिडने काढा, भांड्यांच्या लिक्विडने धुवा, ३२० आणि मग ४०० नंबरने ओलं घासा, सगळी चमक जाईपर्यंत. खड्डे गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडच्या पॉलिएस्टर पुट्टीने भरा. टब ॲक्रिलिकचा असेल तर ॲसिटोन अजिबात लावू नका, पृष्ठभाग विरघळतो; आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नळ ठिबकत असेल तर आधी वॉशर बदला. ओल्या रंगावर पडलेला एक थेंब कायमचा डाग सोडतो.

पाच फुटी टबला दोन कोटांत साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर लागतं. दोन्ही भाग मोजूनच घ्या. हार्डनर (रंग घट्ट करणारा दुसरा भाग) जास्त टाकल्याने रंग लवकर सुकत नाही, उलट कायमचा चिकट राहतो. एका वेळी एकाच कोटाचं मिश्रण करा आणि लगेच उथळ ट्रेमध्ये ओता. डब्यात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने घट्ट होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ जवळपास निम्मा होतो. म्हणून मे महिन्यात दुपारी हे काम नकोच.

जून ते सप्टेंबर तर मुळीच नको. दमट हवेत हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, वर पांढुरका, मेणचट थर येतो आणि त्यावर दुसरा कोट धरत नाही. असा थर आलाच तर कोमट पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन, सुकवून, हलकं घासून मगच पुढे जा.

वास जड असतो, टबच्या तळाशी साचतो आणि वाकून काम करणाऱ्याच्या थेट नाकात जातो. साधा किंवा एन-९५ मास्क इथे काही कामाचा नाही; ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचाच (रसायनांची वाफ शोषणारा) घ्या. आणि जुना रंग काढायला मिथिलीन क्लोराइडचं स्ट्रिपर बंद बाथरूममध्ये वापरू नका. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबचं हेच काम करताना १३ जणांचा त्याने जीव गेला, अशी तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेची नोंद आहे.

वापरात दोन गोष्टी सांभाळा. खाली रबरी कप असलेली मॅट नको, ती उचलताना कोटही सोबत येतो. टबमध्ये बादली ठेवून आंघोळ करत असाल तर तिच्या बुडाला फेल्टचे तुकडे चिकटवा. वाळूचा एक कण अडकला तरी गोल ओरखडा उमटतो. टॉयलेटचं ॲसिड दूर ठेवा. खिडकीकडची कड किंचित पिवळी पडली आहे, इपॉक्सीचं ते होणारच. पांढरा रंग टिकवायचाच असेल तर वरचा हात पॉलियुरेथेनचा लागतो, आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, म्हणजे मास्कची काळजी आणखी जास्त.

टब काढायचा म्हणजे टाइल्स फोडणं, सोसायटीची परवानगी, डेब्रिजचा खर्च आणि वॉटरप्रूफिंग बिघडलं तर खालच्या मजल्याशी कायमचं भांडण. त्यापुढे हे किट फारच स्वस्त पडलं. मालाला पाचपैकी चार, पत्रकाला एक. महिन्यातून एकदा जाळीच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं, तर त्याच दिवशी टबमधलं पाणी बंद करा.