दोन सारखे अंगरखे

कोल्हापुरातल्या या कपडेपटाच्या दुकानातून आमचं मंडळ २०१४ पासून पोशाख नेतंय. तेव्हापासूनच्या अनुभवावर लिहितोय.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढं. पन्हाळ्याहून विशाळगडाला महाराज गेले ती वाट आमच्याच मुलखातली. त्यामुळं गणपतीत आमचा सजीव देखावा वर्षानुवर्षं एकच असतो: सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद आणि पावनखिंड. विषय बदला असं कुणी म्हटलं तर म्हातारी माणसं ऐकत नाहीत, आणि मलाही बदलावासा वाटत नाही. मी गावात सलून चालवतो. शिवा काशीद नेबापूरचे, नाभिक समाजाचे. आधी देखाव्यात त्यांचं काम माझे चुलते करायचे, आता सतरा गणपती मी करतोय.

आता दुकानाचं. ऐतिहासिक पोशाख भाड्यानं देणारी दुकानं पुष्कळ आहेत, पण आमच्या देखाव्याची गरज वेगळी आहे. आम्हाला महाराजांचे दोन पोशाख लागतात आणि ते तंतोतंत सारखे लागतात. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढी पौर्णिमा, वर पाऊस. एका पालखीत महाराज, दुसऱ्या पालखीत त्यांच्या वेशातला शिवा. दुसरी पालखी शत्रूच्या हाती लागली आणि खरा प्रकार कळेपर्यंत महाराजांना वेळ मिळाला. सगळी गोष्ट त्या सारखेपणावर उभी आहे. जौहरच्या माणसांची जी फसगत झाली ती समोर बसलेल्या पोराचीही क्षणभर व्हायला पाहिजे.

आधी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून माल आणायचो. महाराजांचा पोशाख त्यांच्याकडं एकच. दुसरा म्हणून जांभळा अंगरखा दिला, पहिला होता डाळिंबी. म्हणाले, रात्रीच्या लाइटात कुणाला कळतंय. पहिल्याच खेळाला पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, "ह्यो महाराज न्हवं, ह्यो दुसरा हाय." ते मला फार लागलं. तलवारीचा घाव पडायच्या आधीच माझं मरण वाया गेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी या दुकानात आलो. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांच्याकडंही दुसरा पोशाख नव्हता, पण त्यांनी आतून मावशींना बोलावलं. मावशी तिथं शिवणकाम बघतात. त्यांनी पहिला अंगरखा उलटा करून शिवण बघितली, त्याच ताग्यातलं कापड शिल्लक आहे का ते माळ्यावर जाऊन शोधलं, आणि आठ दिवसांत जोड तयार केला. तीच जर, कमरेच्या शेल्याला तोच काठ, जिरेटोपाला तेवढेच मोती. शिलाईचे पैसे वेगळे घेतले नाहीत. ती जोडी ते आता एकाच पेटीत ठेवतात, पेटीवर आमच्या गावाचं नाव घातलंय, आणि गणपतीत ती फोडून दुसऱ्या कुणाला देत नाहीत. शिवजयंतीला मोठी मागणी असते तेव्हासुद्धा जोडीतला एक बाहेर गेला तर तो परत आल्यावर दुसऱ्याशेजारी लावून रंग बघतात. उन्हात मिरवलेलं कापड विटतं, म्हणून मग दोन्ही आळीपाळीनं देतात. एवढा विचार कुणी करत असेल असं मला वाटलं नव्हतं.

दाढीबद्दल मी धंद्यानं बोलू शकतो. बऱ्याच ठिकाणी इलॅस्टिकची दाढी देतात, ती कानामागून दिसते आणि बोलताना हनुवटीपासून सुटते. इथं जाळीवर बसवलेली दाढी मिळते, आणि मावळ्यांच्या मिशांसाठी सुटे क्रेपचे केस. चिकटवायला स्पिरिट गमच देतात, दुसरं काही देत नाहीत. आमच्याकडं पाऊस आणि दमट हवा, त्यात घाम. मी दुपारीच सगळ्या पोरांची गुळगुळीत दाढी करतो, कारण खुंटांवर गम धरत नाही. महाराजांची आणि माझी दाढी मी शेजारी शेजारी ठेवून एकाच कात्रीनं कापतो. जाळीची दाढी अशी कापायची म्हणजे दुकानदाराचा जीव जातो, पण काकांनी पहिल्यांदाच सांगितलं, तुमचा हात मला दिसतोय, कापा. त्यांच्या भिंतीवर महाराजांचं जुनं चित्र आहे, वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेलं. टोकदार दाढी कशी हवी ते त्या चित्रासमोर उभं राहून आमचं ठरलं.

हत्यारं चांगली आहेत. तलवारींच्या कडा घासून गोल केलेल्या असतात. बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांत पट्टे असतात, आणि खिंडीच्या प्रसंगात पंचवीस पोरं छोट्या मांडवात धावतात, तेव्हा हे महत्त्वाचं आहे. अकरा वर्षांत एकालाही टाका पडला नाही. रक्ताचा रंगही काकांनी शिकवला. कुंकवाचं पाणी वापरू नका, ते कापडातून जात नाही. खायचा लाल रंग पातळ साबणात कालवा, म्हणजे धुताना निघतो.

उणंही सांगतो. इंग्रजांचे पोशाख बरोबर नाहीत. वेढ्यात राजापूरच्या वखारीचा रेव्हिंग्टन तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आला होता. त्याला ते सोनेरी बटणांचा लाल कोट देतात. तो कोट १८५७ च्या गोऱ्या सोजिराचा आहे. दोनशे वर्षांचा फरक आहे, शाळेतली मुलं बघत असतात, हे चालत नाही. मी तीनदा सांगितलं, अजून झालेलं नाही. आम्ही यंदा रेव्हिंग्टनला काळा झगा आणि रुंद टोपी घालून वेळ मारून नेली. दुसरं, मोजड्या पावसाळ्यात कुबट येतात. आम्ही गावात आणून दोन दिवस चुलीजवळ ठेवतो.

दर सांगतो. यंदा ३४ पोशाख, दाढ्या, टोप आणि हत्यारं मिळून सहा दिवसांचे २३ हजार झाले, अनामत आठ हजार. कमी दराची दुकानंही आहेत. आमच्या मंडळाचा पैसा वर्गणीचा, एकेका घराकडून आलेला, तरी आम्ही इथंच येतो. त्याचं कारण २०२२ चं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं. खालच्या दोन फडताळांतला माल गेला. त्या वर्षी आम्ही देखावा केला नाही, जमलेली वर्गणी पूरग्रस्तांना दिली. पुढची दोन वर्षं कोरोनाची. २०२२ ला मंडळाची बैठक बसली तेव्हा निम्मी पोरं मुंबईला नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेलेली, वर्गणी अर्धी, आणि चारपाच जण म्हणत होते की आता मोठा स्क्रीन लावू, त्यावर पावनखिंड दाखवू, कपड्यांचा खर्च वाचेल. मी त्या रात्री झोपलो नाही. तीन वर्षं बंद पडलेली गोष्ट चौथ्या वर्षीही बंद राहिली तर लहान पोरांना ती कधी होती हेच कळणार नाही.

सकाळची एसटी धरून कोल्हापूरला गेलो. काकांना खरं ते सांगितलं. त्यांचंही तीन वर्षांत काही चाललं नव्हतं, पुरातला माल अजून भरून निघाला नव्हता. त्यांनी पेटी उघडली आणि ती जोडी बाहेर काढली. पुराच्या दिवशी ती वरच्या माळ्यावर होती. म्हणाले, "निम्मे आता द्या, निम्मे दिवाळीनंतर. पण पोशाख रिकामा परत आणू नका, माणसं उभी करा." मी ती जोडी घेऊनच बैठकीला गेलो आणि चावडीत सतरंजीवर पसरली. स्क्रीनचा विषय पुन्हा निघाला नाही. पोरं कमी पडली तिथं मुली उभ्या राहिल्या. खिंडीत बाजीप्रभूंसोबत लढणाऱ्या बांदलांच्या तुकडीत त्या वर्षी नऊ मुली होत्या आणि त्यांची मापं फोनवर सांगितली तर मावशींनी बाराबंद्या कमरेत आत घेऊन पाठवल्या. मुंबईकर दोन दिवस आधी आले. आठ ते दहा, बावीस बावीस मिनिटांचे तीन खेळ, आवाज आधी रेकॉर्ड केलेला.

कुणाला जायचं असेल तर आषाढातच मापं देऊन या. श्रावण लागल्यावर गर्दी होते आणि मोठ्या मापाचे अंगरखे उरत नाहीत. सोमवारी दुकान बंद. डोक्याचा घेर सुतळीनं मोजून न्या, जिरेटोप ढिला झाला की सगळं बिघडतं. पुढच्या वर्षी महाराजांचं काम करणारा पोरगा नवा आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. मी त्याला घेऊनच जाणार आहे, म्हणजे मावशी आम्हा दोघांना शेजारी उभं करून बघतील.